मिस्टर आजोबांची पुस्तकं

पुस्तक हातातून पडलं की मिस्टर आजोबा ते उचलून त्याचा मुका घेत. एकदा टेलिफोन डिरेक्टरीचाही घेतला. सवय, म्हणाले, आणि नंबर शोधायला लागले.

अमेरिकेत पिस्कॅटवे गावातल्या आमच्या भाड्याच्या घराचे ते मालक. खाली ते एकटे, वर आम्ही चौघं: मी, बायको सुमन आणि दोन मुलं. नाव आमच्या मुलांनी पाडलेलं. जन्म पोलंडचा, नोकरी न्यूयॉर्कच्या एका ज्यू छापखान्यात खिळे जुळवण्याची. निवृत्तीनंतर ते दिवसभर ज्यूंच्या गूढविद्येचे ग्रंथ वाचत. ही विद्या चाळिशीच्या आतल्या माणसाला शिकवायची नाही, असा त्यांच्यातला जुना दंडक. मी बेचाळीसचा होतो. अमेरिकेत कशासाठी तरी माझं वय योग्य ठरण्याची ही पहिलीच वेळ.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन खाली जाई. ते सांगत ते सगळं मला समजे आणि जिना चढेपर्यंत विसरायला होई. एक गोष्ट तेवढी राहिली. यातला सर्वांत मोठा ग्रंथ सातशे वर्षांपूर्वी स्पेनमध्ये एका माणसाने बाहेर काढला. हे हजार वर्षांपूर्वीच्या ऋषीचं लिखाण, मी नुसती नक्कल करतो, असं तो सांगे. तो वारल्यावर लोक मूळ पोथी मागायला आले, तेव्हा त्याची बायको म्हणे म्हणाली, कसली पोथी, सगळं यांनी स्वतःच्या डोक्यातून काढलंय.

"बायकोचंच खरं असणार," त्या दिवशी सोबत आलेली सुमन म्हणाली.

मी म्हटलं, आमच्याकडेही लोक अभंग स्वतः रचतात आणि शेवटी जुन्या संताचं नाव घालतात. आजोबा खूश झाले. "मग म्हणणारे थांबतात का?"

त्यांचेही थांबले नव्हते. स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंबरोबर ही विद्या पॅलेस्टाइनमधल्या डोंगरावरच्या एका गावात पोचली. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथला, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाला, नवरीसारखं सामोरं जायचं गाणं तिथलं. आजोबांचे वडील पोलंडच्या खेड्यात सुतारकाम करत आणि रात्री तो ग्रंथ वाचत; तेही हे गाणं म्हणत. "ग्रंथ कधी न उघडलेलेसुद्धा म्हणतात. माझी मुलगी म्हणते, आणि ती फक्त दुकानांची सवलतीची कूपनं वाचते."

या मुलीनेच त्यांना फ्लोरिडाला न्यायचं ठरवलं. तिच्याकडे एवढी पुस्तकं मावणार नव्हती. धड असलेली सिनेगॉगला द्यायची, फाटकी दफनभूमीत पुरायची; देवाचं नाव असलेला कागद ते कचऱ्यात टाकत नाहीत. गॅरेजमध्ये दोन ढीग झाले. वडिलांकडून आलेल्या त्या ग्रंथाची शिवण उसवली होती, पानं सुटली होती. तीन दिवस आजोबा ती प्रत या ढिगातून त्या ढिगात हलवत होते.

फाटक्या पुस्तकांची आठ खोकी आमच्या स्टेशन वॅगनमधून गेली. ती प्रत आजोबांच्या कोटात. खड्ड्यापाशी त्यांनी ती काढली आणि आम्हाला समासातली पेन्सिलीची अक्षरं दाखवली. नऊ ठिकाणी वडिलांनी एकच लिहिलं होतं: इथे समजलं नाही.

सुमन म्हणाली, "आजोबा, वाचता येतंय ना अजून? मग पुरताय कशाला?"

आजोबांनी सुटलेली पानं सारखी केली. मग तिथल्या धर्मगुरूंना म्हणाले, "याचं काम शिल्लक आहे." आणि प्रत परत कोटात घातली.

दोन वर्षांनी मुलीचा फोन आला. आजोबा गेले होते. ती प्रत तिने त्यांच्याच कबरीत ठेवली, पण आधी एका जाणकाराकडून समास वाचून घेतले. आठ ठिकाणी वडिलांच्या ओळीखाली आजोबांचं अक्षर होतं: मलाही नाही. शेवटच्या ठिकाणी काहीच नव्हतं. ते समजलं म्हणून, की तिथवर पोचलेच नाहीत म्हणून, असं ती मला विचारत होती. तिने ते दोनदा विचारलं.

समजलं म्हणून, असं मी ठाम सांगितलं. मला त्यातलं एक अक्षरही वाचता येत नाही.