टायरचा दुसरा आवाज

कपड्याच्या साबणाचा वास आला, की मुरगूडजवळचं आमचं रान आठवतं. उसानं भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाची हवा गेली आणि टायर रिममधून निसटला. आमच्या ह्यांनी पंक्चर काढून पहारीनं तो परत चढवला, कडांना साबणाचं पाणी लावलं आणि कंप्रेसरनं हवा भरायला घेतली. एक कड फाटकन आवाज करून रिममध्ये बसली. दुसरी बसेना, तर हे वाकून टायरला कान लावायला लागले. "मागं सरा की! फुटला म्हंजे?" मी ओरडले. "गप गं, काय हुत न्हाय." हवा चढतच होती. फाटकन दुसरा आवाज झाला, तशी मी डोळे गच्च मिटले. "बसलं बघ!" हे म्हणाले, तेव्हा कुठं मी श्वास सोडला. अजूनही धुणं धुताना कुठं काही धाडकन वाजलं, की हे रानात आहेत हे ठाऊक असूनही, साबण हातात धरून मी त्या दोन शब्दांची वाट बघते.