पट्टी हिरवी झाली त्याची गोष्ट

रागात माणूस किती मूर्ख होतो ते बघायचंय? मग चहा ओता आणि माझ्याकडे नीट बघा.

माझी सायली सहा वर्षांची. तिला मूत्रपिंडाचा आजार. रक्तातली प्रथिनं लघवीवाटे निघून जातात आणि पोर डोळ्यांपासून पायांपर्यंत सुजते. कित्येक महिने गोळ्या खाऊन ती बरी झाली होती. आता फक्त रोज सकाळी लघवीत प्रथिनं तपासायची पट्टी बुडवायची. पिवळी राहिली तर देव पावला. सलग तीन दिवस हिरवी झाली, तर गोळ्या पुन्हा पहिल्यापासून!

पट्टी मीच बुडवायचो. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास कुठे?

सोमवारी पट्टी हिरवीगार. मंगळवारी तशीच. माझं टाळकंच सटकलं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेलं, म्हणून संशय थेट आईवर.

"आये, तू तिका पेजेवांगडा सुको बांगडो दिलंस!"

आई भराडीदेवीची शपथ घेऊन म्हणाली, पेजेबरोबर बांगडा दिलाच नाही. मी ऐकतोय होय? डबाभर खारे सुके बांगडे उकिरड्यावर फेकले आणि आईशी बोलणंच सोडलं. बायको मध्ये पडली, तिलाही झापलं.

बुधवारीही हिरवी. तिघांना रिक्षात कोंबून कुडाळला गेलो आणि डॉक्टरबाईंवरच तोंड सोडलं, की तुमच्या औषधात दम नाही. बाईंनी शांतपणे सायलीची लघवी तपासली. पट्टी पिवळी. मी म्हटलं, तुमची पट्टी खराब. खिशातली माझी काढली, स्वतः बुडवली. तीही पिवळी!

बाईंनी विचारलं, "घरी कसं करता?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "पयली तो अंडा फोडता."

खरंच की. पोरीला ताकद यावी म्हणून सोमवारपासून मीच अंड्यातलं पांढरं द्यायला लागलो होतो. बोटांतून गाळायचं, हात पंचाला पुसायचा आणि पट्टी उचलायची. तीही नेमकी रंगीत टोकाला धरून.

बाई म्हणाल्या, "अहो, ही प्रथिनं पोरीची नाहीत, अंड्याची आहेत."

म्हणजे एका कोंबडीपायी मी दोन दिवस जन्मदात्या आईशी अबोला धरला होता! स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

घरी पोचलो. आई रिक्षातून उतरली आणि म्हणाली, "बाजारात जा, बांगडे घेवन ये. आणि पयलो हात धू."