हिरामावशी आणि मधला प्लॉट

हिरामावशी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी त्याच्या कचऱ्याच्या डब्यात बघत. आम्ही ऐरोलीत नवे राहायला आलो तेव्हा मी ओल्या कचऱ्याचा डबा घेऊन खाली उतरले, तर फाटकाशी गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेली एक बाई उभी. माझं नाव-गाव न विचारता तिनं झाकण उचललं, चार साली उलट्यापालट्या केल्या आणि म्हणाली, "दोन दिस नुसता बटाटाच? नवरा रुसलाय का तू कंटाललीस?" दोन्ही खरं होतं.

आमची सोसायटी आणि जुनं गाव यांच्या मधे एक मोकळा प्लॉट होता. तिथं मावशींनी बाग केली होती. मेथी, माठ, अळू, चार पपया आणि कडेनं शेवगा. भाजी त्या विकत नसत. खतासाठी साली द्यायच्या आणि भाजीचा वाटा न्यायचा, असा व्यवहार. मासळीबाजारात मांडतात तसे पालेभाजीचे वाटे मांडून त्या गोणपाटावर बसत. आधी म्हणे त्यांनी भाजी फुकट वाटून पाहिली होती, पण फुकट आहे म्हणजे किडकी असणार, असं धरून कुणी हात लावला नव्हता. सालींचा भाव ठरल्यावर मात्र इंजिनियर, बँकवाले, सगळे घासाघीस करायला लागले.

"मावशी, कलिंगडाच्या साली आहेत, वजन तरी बघा."

"कलिंगडात पानीच हाय. पानी माज्याकडं नलाला येतं."

आमच्या ह्यांनी तर कहर केला. रबाळ्याला ऑफिसजवळच्या ज्यूसवाल्याकडून मोसंबीच्या सालींची पिशवीच उचलून आणली. मावशींनी पिशवीत नाक घातलं. "तुमच्या घरात मानसं दोन. एवढा रस प्याला असता तर आज दवाखान्यात दिसला असता." पिशवी त्यांनी ठेवून घेतली, वाटा काही दिला नाही. हे त्यानंतर बरेच दिवस मागच्या फाटकानं ये-जा करत होते.

खाडीकडे चोरून बांधकामाचं डेब्रिज टाकायला येणारे ट्रक त्यांना नुसत्या आवाजावरून कळत. एकदा त्या अशाच एका ट्रकच्या पुढ्यात शेवग्याची पानं निवडत बसल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला आणि उतरून म्हणाला, "अम्मा, हटो ना." मावशी म्हणाल्या, "हटते. पाला निवडून झाला का हटते. तू पन बस, लवकर व्हईल." तो बिचारा खरंच बसला. ट्रक आला तसा भरलेलाच परत गेला.

आमचे सेक्रेटरी कुलकर्णी बँकेतून निवृत्त झालेले. सरकारी जागेवर अतिक्रमण केलं तर काय काय होऊ शकतं, हे त्यांनी मावशींना एकदा सविस्तर समजावलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "सरकार आला तर तुमीच बोला हां. मना कुठं बोलता येतं." कुलकर्ण्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि एके दिवशी प्लॉटवर टॉवरचा फलक लागला. पपया होत्या तिथं चित्रात पोहण्याचा तलाव होता. सोसायटीत एकच खळबळ उडाली. ज्यांनी आयुष्यात कुणापुढे आवाज चढवला नव्हता ते घोषणा पाठ करायला लागले. कुलकर्ण्यांनी रविवारचा मोर्चा ठरवला आणि पुढे खुर्ची टाकून मावशींना बसवलं. "बाग वाचवा, बिल्डर हटवा" चांगलं रंगात आलेलं असताना एक मोठी पांढरी गाडी येऊन थांबली. गळ्यात जाड साखळी घातलेला माणूस उतरला. हाच तो बिल्डर, असं कुणीतरी म्हटल्याबरोबर आवाज आणखी चढला. तो माणूस सगळ्यांतून वाट काढत मावशींपाशी गेला आणि म्हणाला, "आये, बीपीची गोली नाय घेतलीस. घरी चल."

"घोषना होऊ दे," मावशी म्हणाल्या, "मंग येते."

घोषणा तिथंच थांबल्या. मग सगळा उलगडा झाला. शहर वसलं तेव्हा गावाची शेती गेली आणि बदल्यात सरकारनं प्लॉट दिले. हा त्यातलाच एक, मावशींच्या नावावरचा. जगदीशशेठ त्यांचा एकुलता एक मुलगा. पार्टनर गाठून त्याला तिथं टॉवर उभारायचा होता आणि मावशी सही देत नव्हत्या. म्हणजे आम्ही आमच्याच मावशींच्या जागेवरून त्यांच्याच मुलाला हाकलत होतो, आणि त्या सगळ्यांच्या पुढे बसून हात वर करत होत्या.

"मावशी, आधी का नाही सांगितलंत?" कुलकर्णी कसेबसे म्हणाले.

"माजी जागा हाय म्हनले असते तर तुमी भाजी न्याया आला असता. भांडाया कोन आला असता?"



सही त्यांनी शेवटपर्यंत दिली नाही. जगदीशशेठ रोज संध्याकाळी बागेत येऊन आईशी कडाकडा भांडायचा आणि जाताना माठाची जुडी घेऊन जायचा.

गेल्या वर्षी मावशी झोपेतच गेल्या. मला फार रडू आलं. माझ्या सख्ख्या मावशीसाठीही मी इतकी रडले नव्हते. त्या दुःखात एक भीतीही होती, कारण जागा आता मुलाची झाली होती. तो विषय मात्र कुणी काढत नव्हतं.

तेरावं झालं आणि जगदीशशेठ कुलकर्ण्यांकडे आला. आम्ही कमिटीचे चारपाचजण तिथं होतो. डोक्याचं मुंडण केलेलं, साखळी काढलेली. चहाला नको म्हणून तो खाली मान घालून बसला. "मोर्चा कदी काढनार?"

"कसला मोर्चा?" कुलकर्णी चाचरले.

"माज्याविरुद्ध. पार्टनर रोज मागं लागलाय. आता जागा माजी, मी कुठल्या तोंडानं नाय म्हनू? लोकं ऐकत नाय, असं सांगता आलं पायजे. काढा जोरात."

रविवारी आम्ही जमलो. पण पुढची खुर्ची रिकामी बघून कुणाचा आवाजच फुटेना. जगदीशशेठ रस्त्याच्या पलीकडे फोनवर पार्टनरशी बोलत उभा होता. थोडा वेळ त्यानं वाट बघितली, मग फोनवर हात दाबून तो कुलकर्ण्यांपाशी आला. "काका, हे नाय ऐकू जात. आई होती तवा कसे ओरडत होते?"

कुलकर्ण्यांनी चष्मा काढून खिशात घातला आणि सगळा जीव एकवटून आरोळी ठोकली, "जगदीशशेठ, चालते व्हा." मग आम्हीही घसा फोडून ओरडायला लागलो. जगदीशशेठ पुन्हा पलीकडे जाऊन उभा राहिला. एका हातानं त्यानं फोन आमच्या दिशेनं धरला होता आणि दुसऱ्या हातानं तो डोळे पुसत होता.