सगुणचा एक किलोमीटरचा हेडसेट

गोवा राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षापासून सगुण डिचोलीच्या बसस्टँडवर पायलट आहे. विमानाचा नव्हे, पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर मागे माणूस बसवून पोचवणारा. बाकी गिऱ्हाईक येतं-जातं, पण लाटंबार्स्याच्या शाळेतल्या सुमंगलाबाई हे त्याचं बारा वर्षांचं ठरलेलं भाडं. घर त्या भाड्यावर उभं आहे असं त्याची बायको वत्सला म्हणते, आणि ते खोटं नाही.

गेल्या आठवड्यात घात झाला. बाईंनी मागून तीनदा सांगितलं, "सगुण, पोस्टाकडे थांब." हेल्मेटात वारा घोंघावत होता. सगुण थांबला तो थेट शाळेच्या फाटकात. बाई उतरल्या. "परत असं झालं तर आमच्या साईशच्या गाडीतून येईन. भाचा रोज इकडूनच जातो."

हे त्या शांतपणे म्हणाल्या, त्याचीच सगुणला धास्ती.

मागच्याचं बोलणं हेल्मेटात ऐकवणारा हेडसेट घ्यायला सगुण म्हापशाला गेला. दुकानदार गुरुदासने पहिलाच डबा उघडला. "हा एक किलोमीटरपर्यंत चालतो."

"बाय माझ्या पाठीमागे वीतभर आसा. किलोमीटर कित्याक?"

"यात आठ जण एकदम बोलू शकतात."

"एका मोटारसायकलवर आठ जण बसवून दाखव रे आधी."

"गाणीही ऐकू येतात."

"मला 'थांब' तेवढं आयकूंक आलें की पुरो."

नुसतं 'थांब' ऐकवणारं मॉडेल निघालं नव्हतं. शेवटी सगळ्यात कमी बटणांची जोडी घेतली. एक आपल्या हेल्मेटात बसवली, एक बाईंच्या.

सोमवारी निघाले. "बाई, आयकूंक येता?" उत्तर नाही. "बाई?" काही नाही. सगुणने बटणं दाबली, आवाज चढवला, गुरुदासच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग आरशात बघितलं. बाईंच्या अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, आणि हेल्मेट रोजच्यासारखं कोपराला अडकवलेलं. पुलाजवळ पोलीस दिसले की ते डोक्यावर चढायचं, पूल संपला की परत कोपराला. बारा वर्षं हे बघणारा सगुण अर्धा रस्ता बाईंच्या कोपराशी बोलत होता.

त्याने गाडी कडेला घेतली. "हेल्मेट घाला, बाई."

"फुलं चेंगरतात रे."

"मग साईशच्या गाडयेत बसा. थंय फुलां बरीं उरतलीं."

बोलून गेला आणि जीभ चावली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, वळेसर सोडला, त्याच्याच आरशाला बांधला आणि हेल्मेट चढवलं. "जपून चालव. पहाटे उठून गुंफलाय."

गाडी निघाली. शेतातली माणसं मान वळवून बघायला लागली. सगुण पुटपुटला, "लोक म्हणतले, म्हाताऱ्यान दुसरें लग्न केलें. आणि हिला आता पोस्ट आठवतलें, बघ."

कानात खणखणीत आवाज आला, "आठवलं. थांब. आणि 'हिला' म्हणजे कोणाला?"

सगुण पोस्टाच्या पायरीला चाक लागेल इतका नेमका थांबला. पुढे शाळेपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही.

"बंद पडलं की काय हे?" फाटकात उतरताना बाई म्हणाल्या.

"चालू आसा."

"मग बोलत जा. आमचा साईश गाडी चालवताना मुका असतो. उद्या साडेसातला ये."

वळेसर आरशालाच राहिला, हे त्याला स्टँडवर पोचल्यावर कळलं. दुसरा पायलट बाबुराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नवी गाडी घेतली रे सगुणान. पेढे खंय?"

ऐकू न आल्यासारखं करत सगुणने हेल्मेट काढलंच नाही.