फिंटन गॅफनीचं स्वातंत्र्य

रॉसकॉमनजवळच्या एका आयरिश गावातल्या पबमध्ये ब्रीज टॅन्सी एकतीस वर्षं बिअर ओतत होती. तिने जन्मात सिगरेट ओढली नव्हती, तरी छाती तपासून डॉक्टरांनी विचारलं होतं, "दिवसाला किती ओढता?"

पबमध्ये सिगरेट ओढायला बंदी आली, त्या संध्याकाळी फिंटन गॅफनी हे तिथलं जुनं गिऱ्हाईक भाषण ठोकू लागलं.

"माझा आजा इंग्रजांशी लढला, तो याच्यासाठी?"

"तुझा आजा लढाई संपेपर्यंत गवताच्या गंजीत लपला होता, अख्ख्या गावाला ठाऊक आहे," ब्रीज म्हणाली. "सिगरेट ओढायची तर बाहेर जा."

फिंटनने मुद्दाम सिगरेट पेटवली आणि धूर सरळ तिच्या तोंडावर सोडला. ब्रीजने ती त्याच्या ओठांतून शांतपणे काढली आणि त्याच्याच भरल्या ग्लासात बुडवली.

"घे, आता पी."

सगळा पब खदखदून हसला. एकतीस वर्षं तिला खोकताना बघणारे हेच लोक होते. त्यांचं हसूही तिला नको होतं.

"पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही!" असं ओरडून फिंटन निघून गेला. चौथ्या दिवशी तो परत आला. एका पाहुण्याला ऐटीत सांगत होता, "आता कपड्यांना वास येत नाही बघा. मी तर पहिल्यापासून बंदीच्या बाजूने होतो."

ब्रीजला राग आला नाही. राग यावा एवढीही त्या माणसाची लायकी तिला वाटली नाही. तिने त्याच्याकडे ढुंकूनही न बघता ग्लास पुढे सरकवला.