आधी ऐका

गल्लीत तिला कोणी नावाने हाक मारत नसे. कपडे दुरुस्त करणारी मावशी म्हटलं तरी चालायचं, पण पाठीमागे सगळे तिला ‘आधी ऐका’ म्हणत. कारण गिऱ्हाईक पिशवीतून पॅन्ट काढून पुरतं बोलायच्या आत ती म्हणायची, “आधी ऐका.” मग सुरू. उंची कमी करायचे एवढे. अस्तर उसवावं लागलं तर त्याचे वेगळे. चेन बदलायची तर चेनचे वेगळे, आणि चेन तुम्हीच आणलीत तर फक्त बसवायचे. एवढं ऐकून माणूस अर्धा गार व्हायचा. काही जण पॅन्ट पुन्हा पिशवीत कोंबून चौकातल्या मोठ्या दुकानात जात. तिथे आधी कोणी काही बोलत नसे, फक्त गोड हसत. नंतर दुप्पट पैसे मोजून हे शहाणे मान खाली घालून घरी येत.

“तू गिऱ्हाईक बोलावतेस की पळवतेस?” नवरा होता तेव्हा म्हणायचा.

“कापड एकदा कापलं की गिऱ्हाइकाचे हात बांधले जातात,” ती म्हणायची. “मग मी काहीही मागितलं तरी त्याला द्यावंच लागतं. भाव आधी कळणं हा त्याचा हक्क आहे. मी काही उपकार करत नाही.”

या बाबतीत ती हट्टी होती, आणि खरं सांगायचं तर थोडी कंटाळवाणीही. पण पुढच्या खोलीत खिडकीखाली मांडलेल्या त्या एका मशीनवर तिने घर चालवलं, नवऱ्याचं आजारपण काढलं आणि मुलीला शिकवलं. सगळं कात्रीआधी भाव सांगून. याचा तिला अभिमान होता, आणि का नसावा?

मुलगी चष्म्याच्या दुकानात लागली तेव्हा मावशीला आभाळ ठेंगणं झालं. काचेचं दार, थंड हवा, अंगात निळा कोट. गिऱ्हाइकांना खुर्चीवर बसवायचं, फ्रेम दाखवायच्या, कारागिराकडे काम द्यायचं. नोकरी अजून कच्ची होती. महिनाअखेर मालक तिला कायम करणार होते.

त्याच महिन्यात मावशीच्या चष्म्याची काडी मोडली. काचा धडधाकट होत्या, मागच्याच वर्षी नंबर काढून घेतलेल्या. दोन दिवस तिने काडीला दोरा गुंडाळून काम भागवलं, पण चष्मा सारखा घसरून सुईवर पडायचा.

“आमच्याकडे ये,” मुलगी म्हणाली. “स्वस्तातली फ्रेम घे, तिच्यात याच काचा बसवून देतात. फक्त एक कर आई, ओळख दाखवू नकोस. घरचे आले की सवलत मागतात, मालकांना आवडत नाही.”

“बरं बाई, नाही दाखवत,” मावशी हसून म्हणाली. मुलीला कोटात काम करताना बघायला मिळणार, तिला तेवढं पुरे होतं.

दुकानात मुलीने तिला “या मॅडम” म्हटलं. मावशीला आतल्या आत गुदगुल्या झाल्या. तिने फ्रेम निवडली, चिठ्ठीवरचा भाव वाचला, मनात हिशोब केला आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून मुलीच्या हातात दिला. जन्मभर सगळ्यांना आधी ऐका, आधी ऐका म्हणून पिडणारी ही बाई तिथे एका शब्दाने विचारायची राहिली. लेकीसमोर बसून भाव काय विचारायचा? काही जास्त असतं तर लेकीने सांगितलं नसतं का?

मुलगी चष्मा घेऊन आत गेली. मावशी खुर्चीवर बसून राहिली. चष्म्याशिवाय तिला सगळं धूसर दिसत होतं. आतून काच घासल्याचा बारीक आवाज यायला लागला. काचा नव्या, लहान फ्रेमच्या मापाच्या होत होत्या. आता त्या जुन्या फ्रेममध्ये कधीच बसणार नव्हत्या.

चष्मा आला. मावशीने तो लावला, आणि मुलगी बिल वाचू लागली. फ्रेम. काचा घासण्याचे. काचा बसवण्याचे. जुनी काच फुटण्याच्या जोखमीचे, ती फुटली नव्हती तरीही. डबीचे, जी मावशीने मागितली नव्हती. बिल चिठ्ठीवरच्या भावाच्या दुपटीवर गेलं.

मावशीला आधी वाटलं, मुलीची काहीतरी चूक होतेय. मग तिने मुलीकडे पाहिलं आणि तिला कळलं की चूक नाही. डोक्यात रक्त चढलं.

“हे आधी सांगायला हवं होतं,” ती म्हणाली. “काचेला हात लावायच्या आधी. मला परवडलं नसतं तर मी उठून गेले असते. आता कुठे जाऊ?”

गल्ल्यावरचे मालक उठून आले. आवाज अगदी मऊ. “मावशी, आमचे दर ठरलेले आहेत. विचारलं की आम्ही सांगतोच.”

“विचारायचं कशाला? सांगणं तुमचं काम आहे. भाव आधी कळणं हा गिऱ्हाइकाचा हक्क असतो.”

दुकानातली दोन-तीन माणसं वळून बघू लागली. मालकांचा चेहरा बदलला. ते मुलीकडे वळले. “यांचं काम तू घेतलंस ना? आत द्यायच्या आधी सगळं सांगितलं होतंस की नाही?”

नव्या चष्म्यातून मावशीला सगळं लख्ख दिसत होतं. मुलीच्या कोटाचं सैल बटण, आणि तिचा उतरलेला चेहरा.

“हो सर,” मुलगी म्हणाली. “सांगितलं होतं. मॅडमना सगळं सांगितलं होतं.”

मालक मावशीकडे बघत उभे राहिले. हे खोटं आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, ही शिकवण त्यांचीच होती. आता मावशीने ‘नाही’ एवढं एकच म्हटलं असतं, तर मुलगी संध्याकाळी कोट कायमचा काढून घरी आली असती. हात बांधले जाणं म्हणजे काय, हे मावशी आयुष्यभर लोकांना सांगत आली होती.

“सांगितलं होतं,” ती म्हणाली. “माझ्याच लक्षात राहिलं नाही.”

तिने पैसे दिले. मुलीने डबी पुढे केली आणि म्हणाली, “धन्यवाद मॅडम, पुन्हा या.” ते तिला प्रत्येकाला म्हणावं लागे.

संध्याकाळी मुलगी घरी आली ती रडवेली होऊन. “आई, मी काय करू? सगळ्यांना तसंच करायला लावतात. पैसे मी तुला पगारातून देते.” मावशीने ताट वाढलं. पैशाचं तिला वाईट वाटलंच होतं, पण ते गेले ते गेले. तिला सलत होतं ते वेगळंच. खोटं बोलताना मुलीची जीभ अडखळली नव्हती.

महिनाअखेर मुलगी कायम झाली. त्या आनंदात तिने एक तयार ड्रेस आणला, कमरेत सैल होता. नेहमीसारखा तिने तो मशीनवर टाकला.

“आई, हा जरा आत घे ना.”

मावशीने ड्रेस उलटा केला, शिवण चाचपली.

“आधी ऐका,” ती म्हणाली. “दोन्ही बाजू आत घ्यायच्या त्याचे एवढे. अस्तर उसवावं लागेल, त्याचे वेगळे. मागची चेन काढून पुन्हा बसवायची, तिचे वेगळे. पटत असेल तर ठेवा.”

मुलगी हसली. मग आईच्या चेहऱ्याकडे बघून थांबली.

“आई, माझ्याकडून पैसे घेणार?”

“कापायच्या आधी सांगितलंय. नको असेल तर ड्रेस जसाच्या तसा घेऊन जाता येईल.”

आपण दुष्टपणा करतोय हे मावशीला कळत होतं. पोटची पोर समोर उभी होती, तिचे डोळे भरून आले होते. पण तिला ते थांबवता येईना, आणि खरं म्हणजे थांबवायचंही नव्हतं. मुलीने बराच वेळ वाट पाहिली, मग पर्स उघडली. मावशीने पैसे मोजून घेतले, आणि मगच कात्री उचलली.