महास्त्राचं अर्थिंग

अख्खं विश्व जाळायला निघालेलं महास्त्र नुसत्या शंका विचारून बंद पाडणारा माणूस त्रिभुवनात एकच, आणि तो माझा घरमालक आहे. जयनगरात वरच्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको, खाली भाडेकरू मी. सगळी गल्ली त्यांना अण्णा आणि बायकोला अक्का म्हणते. घराणं मराठी, पण इतक्या पिढ्या बेंगळुरात मुरलेलं की अण्णांचं मराठी मधूनमधून कानडीत डोकावून येतं. मी तिशी ओलांडलेली, नागपूरची, तोंडाने तिखट बाई. तरी ते मला 'पुट्टी' म्हणतात. पुट्टी म्हणजे छकुली. नागपुरात मला असं कुणी म्हणून दाखवावं!

अण्णा वीज खात्यातून निवृत्त झाले, असं खातं समजतं. अण्णा तसं समजत नाहीत. त्यांच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असतो आणि कुणाच्याही घरी गेले की यजमानांनी पाणी विचारायच्या आत ते तिथल्या प्लगमध्ये तो खुपसून बघतात. आमच्या घरातल्या प्रत्येक बटणाखाली त्यांच्या सुवाच्य अक्षरात कागद चिकटवलेला आहे: 'पंखा', 'पंखा, कुरकुरणारा', आणि माझ्या स्वयंपाकघरात एक, 'कशाचं ते कळत नाही, दाबू नये'. लग्नाला गेले की नवरानवरी राहतात बाजूला, हे स्टेजच्या मागे वायरी तपासायला. एकदा तिथून आठ्या घालून परत आले आणि भर पंगतीत म्हणाले, "जोडपं झक्कास आहे, पण जोड कच्चा आहे. फार दिवस टिकणार नाही." वायरीचं बोलत होते हो! पण मुलीची आई रडायलाच लागली.

मी एचएसआर लेआउटमधल्या एका छोट्या कंपनीत व्हिडिओ गेमच्या गोष्टी लिहिते. आमच्या गेममध्ये शत्रूकडे 'सूर्यग्रास' नावाची तोफ होती. ती अख्खा एक सूर्य गिळायची आणि त्या जोरावर कुणाची तरी पृथ्वी जाळून राख करायची. एका रविवारी मी घरी तिचा बार उडवून बघत होते, तर तो दणका ऐकून अण्णा टेस्टर उपसून धावत खाली आले. म्हटलं, "अण्णा, खोटं आहे ते, गेम आहे." त्यांनी शांतपणे खुर्ची ओढली. "खोटं असू दे गं. अर्थिंग कुठे दिलंयस?"

झालं! त्या दिवसापासून माझ्या महास्त्राला साडेसाती लागली. "पृथ्वीच उडवणार, सरी, ठीक आहे. मग अर्थिंग द्यायचं कुठे?" "सूर्य गिळल्यावर आतले दिवे कशावर लागतात? इन्व्हर्टर ठेवलायस?" "हजारो माणसं आत कामाला. कॉफी कुठे पितात ती?" मी चिडून म्हणाले, "अण्णा, ते राक्षस आहेत!" तर म्हणे, "राक्षसांची युनियन नसते असं कोण म्हणालं?" पण त्यांनी खरा घाव घातला तो शेवटावर. माझी नायिका तोफेच्या एका भोकात एकच गोळी मारायची आणि तोफेच्या चिंधड्या उडायच्या. अण्णांनी चष्मा पुसला. "म्हणजे फ्यूज नाही? फ्यूज असता तर तेवढाच गेला असता. दहा मिनिटांत बदलून परत चालू." माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण त्याच आठवड्यात आमच्या बॉसनेही बजावलं होतं की हा शेवट शिळा आहे, पंधरा दिवसांत नवा मिळाला नाही, तर गेम बंद आणि आम्ही अकराच्या अकरा जण घरी.

मी रडकुंडीला येऊन वर गेले. अक्का भाजी निवडत होत्या. "ह्यांना काय विचारतेस?" त्या म्हणाल्या. "हे म्हणजे चाळीस मिनिटं!" आणि मग तो किस्सा कळला. तारेवर कामाला जाणारा लाइनमन आधी विजेच्या स्टेशनातून एक चिठ्ठी घेतो, तिला म्हणतात लाइन क्लिअर. तो स्वतः येऊन आपल्या हाताने ती परत देत नाही, तोवर कुणाच्या बापाला लाइन चालू करता येत नाही. पस्तीस वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मंत्र्यांची सभा होती, दुरुस्तीसाठी वीज बंद होती, स्टेशनात बटणापाशी अण्णा होते, आणि सगळ्या चिठ्ठ्या परत आल्या, एक सोडून. वरचे साहेब फोनवर कोकलत होते, चालू करा, चालू करा! अण्णांनी केली नाही. चाळीस मिनिटं गाव अंधारात. मंत्र्यांनी माइकशिवाय भाषण केलं. कुणालाच ऐकू न गेल्यामुळे ते फार आवडलं म्हणे. शेवटी लाइनमन सापडला. तो केव्हाच खाली उतरून, चिठ्ठी खिशात ठेवून, चिंचेखाली घोरत होता. अण्णांची बदली झाली, बढती गेली, आणि खात्याने त्यांचं नावच 'चाळीस मिनिटं' ठेवलं. "मेला खांबावर असता, तर ह्यांना बक्षीस मिळालं असतं," अक्का म्हणाल्या.

एरवी एका शब्दाच्या जागी शंभर बोलणारे अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीतून एवढंच म्हणाले, "स्टेशनात बसून चिंच कशी दिसणार?" मला गलबलून आलं. या माणसाला बढती नको होती, बक्षीस नको होतं. तू केलंस ते बरोबर केलंस, एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं. आणि पस्तीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

मी तडक खाली येऊन शेवट लिहून काढला. नायिका नाही, गोळी नाही. खेळणाराच शत्रूकडचा बटणवाला. एक मजूर चिठ्ठी घेऊन तोफेत शिरलाय, परत आलेला नाही, आणि सेनापती कानात किंचाळतोय, चालू करा! दाबलं तर युद्ध जिंकलं, माणूस गेला. नाही दाबलं तर नुसतं बसून राहायचं. मग तो मजूर जांभया देत बाहेर येतो, आणि तोवर पृथ्वीवरची माणसं निसटलेली असतात. अण्णा म्हणाले, चाळीस मिनिटं ठेव. घासाघीस करून मी चारवर आणलं. बॉस म्हणाला, "चार मिनिटं आजकाल लोक लिफ्टसाठी थांबत नाहीत. बाहेरची मुलं बोलावू. ती थांबली तर गेम राहील." म्हणजे आमच्या नोकऱ्या आणि अण्णांची चाळीस मिनिटं एकाच बटणावर येऊन बसली.

त्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात आले, आधी आमचे प्लग तपासले, आणि मग काचेमागे बसले. पहिल्या मुलाने तीन सेकंदांत बटण दाबलं आणि विचारलं, "आता पुढे काय?" अण्णा पुटपुटले, "अय्यो." दुसऱ्यानेही दाबलं. बॉसने माझ्याकडे असं पाहिलं की मी मनातल्या मनात नागपूरचं तिकीट काढलं. तिसरी एक कुरळ्या केसांची मुलगी. तिने हात पुढे नेला आणि मागे घेतला. एक मिनिट गेलं. सेनापती शिव्यांवर आला. दोन मिनिटं झाली, तेव्हा ती वैतागून पडद्याला म्हणाली, "चीटी वापस बंदिल्ला, सार!" चिठ्ठी परत आलेली नाही, साहेब! आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून चारही मिनिटं ढिम्म बसून राहिली. तिच्यानंतरची बहुतेक मुलं थांबली. एकाने तर सेनापतीचा असा उद्धार केला की तो लिहिण्याजोगा नाही. बॉस म्हणाला, "राहू दे गेम."

परत येताना रिक्षात अण्णांनी आधी मीटरची वायर तपासली. मग म्हणाले, "त्या मुलीला कुणी शिकवलं होतं?"

"कुणी नाही."

"आणि आत कुणी नसतंच, तर?"

"तरी ती बरोबरच होती, अण्णा. तुम्हीही."

त्यांनी रुमाल काढला, नाक शिंकरलं, धुराला नावं ठेवली. घराजवळ आल्यावर हळूच म्हणाले, "पुट्टी, हे तुझ्या अक्काला स्वल्प तूच सांग. माझं ती ऐकत नाही."

अण्णा वर निघून गेले आणि मी फाटकातच अक्कांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी पदराला हात पुसले. "ठाऊक आहे गं मला," त्या म्हणाल्या. "बदलीचं सामान बांधत होते ना, तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणायचं राहूनच गेलं बघ." मला रडू फुटलं, लपवायचं काय त्यात! अक्कांचे गुडघे दुखतात, एरवी त्या प्रत्येक पायरीवर थांबून कण्हतात. त्या दिवशी त्या भराभर जिना चढून वर गेल्या.